वाचकांचे प्रश्न : सिकासो, कापसाचा दुसरा मुलूख

गेल्या अंकात आम्ही जगातल्या कोरडवाहू कापसाच्या पट्ट्यांचा नकाशा दिला होता. त्यात पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या सिकासो प्रदेशाबद्दल जेमतेम एक ओळ होती, आणि पत्रे मात्र सगळ्यात जास्त त्याच ओळीवर आली. त्यातली निवडक घेऊन हे सदर या वेळी सिकासोलाच दिले आहे.

प्रश्न : सिकासो हे शहर आहे, जिल्हा आहे की राज्य? मोबाइलवर शोधले तर लोकसंख्या आणि क्षेत्रफळ दर ठिकाणी वेगळे दिसते. (हिंगणघाट, जि. वर्धा)

शहरही आहे आणि त्याच नावाचा प्रदेशही. मात्र प्रदेश म्हणजे आपल्यासारखे राज्य नव्हे. माली एकात्म देश आहे. कायदे फक्त राजधानी बामाकोत होतात आणि प्रदेशाच्या डोक्यावर सरकारने नेमलेला गव्हर्नर असतो. प्रदेशाखाली सेर्कल, त्याखाली कम्यून आणि कम्यूनमध्ये गावे. सेर्कल म्हणजे आपला मोठा तालुका समजा. कम्यून ही पाच-पंचवीस गावांची मिळून एक ग्रामपंचायत.

सिकासो देशाच्या दक्षिण टोकाला आहे. पूर्वेला बुर्किना फासो, दक्षिणेला आयव्हरी कोस्ट, पश्चिमेला गिनी. जुन्या हद्दीप्रमाणे क्षेत्रफळ सुमारे 71,790 चौरस किलोमीटर, म्हणजे विदर्भाच्या पाऊणपट. 2009 च्या जनगणनेत लोकसंख्या 26 लाखांवर होती. सिकासो, कुतियाला, बुगुनी, कादियोलो, कोलोंदिएबा, यानफोलिला आणि योरोसो असे सात सेर्कल आणि 147 कम्यून होते.

आकड्यांचा घोळ झाला तो मार्च 2023 च्या नव्या विभागणीने. त्या कायद्याने देशात 19 प्रदेश, बामाको हा वेगळा जिल्हा, 159 सेर्कल आणि 819 कम्यून झाले. कुतियाला आणि बुगुनी हे स्वतंत्र प्रदेश झाले. योरोसो कुतियालाकडे गेले, यानफोलिला आणि कोलोंदिएबा बुगुनीकडे. म्हणून कोणताही आकडा वाचताना आधी साल पाहावे. 2023 पूर्वीचा असेल तर तो तिन्ही प्रदेशांचा मिळून आहे. कापसाच्या बाबतीत ही खबरदारी जास्तच घ्यावी, कारण जुन्या सिकासोतला मोठा कापूस कुतियालाच्या बाजूला पिकतो. खाली आम्ही जुनी हद्दच धरली आहे.

प्रश्न : आमच्या भागात गोंड, कोलाम, परधान, बंजारा शेजारी-शेजारी राहतात. तिथेही असेच आहे का? भाषा एकच की वेगळ्या? (पांढरकवडा, जि. यवतमाळ)

बरेचसे असेच आहे. सिकासो शहराच्या आसपास सेनुफो लोक आहेत, त्यांची भाषा सुपयिरे. उत्तरेला कुतियालाकडे मिन्यांका. बाहेरचे लोक त्यांना सेनुफोंचीच शाखा मानतात, पण त्यांची मामारा भाषा वेगळी आहे आणि ते स्वतःला वेगळेच म्हणवतात. पश्चिमेला बुगुनीच्या बाजूला बाम्बारा. त्याहून पलीकडे गिनीच्या सीमेला लागून वासुलू नावाचा मुलूख आहे. तिथले लोक वंशाने फुलानी. दियालो, दियाकिते, सिदिबे, सांगारे ही त्यांची आडनावे. फुलानी म्हणजे मूळचे गुराखी, पण वासुलूतले फुलानी कित्येक पिढ्यांपासून शेती करतात आणि फुलानी भाषा सोडून बाम्बाराच्या जवळची बोली बोलतात. सामोगो, बोबो असे लहान समाजही आहेत. बाजारात सगळ्यांना बाम्बारा चालते. 22 जुलै 2023 ला लागू झालेल्या राज्यघटनेने फ्रेंचला अधिकृत भाषेवरून कामकाजाच्या भाषेवर आणले आणि देशातल्या 13 भाषांना अधिकृत दर्जा दिला.

प्रत्येक समाजात पिढीजात धंद्याचे गट आहेत. नुमू म्हणजे लोहार. त्यांच्या बायका मडकी घडवतात. जेली हे राजघराण्यांच्या वंशकथा गाणारे. गोंड राजांच्या कथा सांगणारे परधान ज्यांनी ऐकले आहेत त्यांना जेलींचे स्थान लगेच कळेल. भांडण मिटवायला अजूनही या दोघांनाच बोलावतात, कारण त्यांनी मोठ्या माणसाला चार शब्द सुनावले तरी तो अपमान धरत नाही. आडनावांचीही अशीच जोडी असते. त्राओरे आणि दियारा हे एकमेकांची हक्काने चेष्टा करणारे. बांधावरून दोन घरांत वितुष्ट आले की मध्यस्थ म्हणून मुद्दाम जोडीच्या आडनावाचा माणूस घेतात. त्याला नाही म्हणता येत नाही.

सेनुफोंचे बालाफोन हे वाद्य जवळून पाहण्यासारखे आहे. लाकडी पट्ट्या 11 पासून 21 पर्यंत, चौकट एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे निमुळती. प्रत्येक पट्टीखाली तिच्या मापाचा वाळलेला भोपळा टांगलेला, लांब पट्टीखाली मोठा, आखूडखाली लहान. भोपळ्याला भोक पाडून त्यावर कोळ्याच्या अंड्यांच्या पिशवीचा पातळ पडदा चिकटवतात. पट्टीवर काठी पडली की तो पडदा थरथरतो आणि सुराला झणक येते. पडदा फाटला तर सूर बोदा पडतो, म्हणून वादकाला तो सतत तपासावा लागतो. एका सप्तकात पाचच सूर. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत हे वाद्य आहे.

प्रश्न : सिकासोच्या मातीच्या तटाने पंधरा महिने वेढा झेलला असे वाचले. चांद्याचा परकोट दगडी आहे. मातीचा तट तोफेपुढे टिकतो का? (भद्रावती, जि. चंद्रपूर)

टिकतो, पण तोफ कोणती यावर ते आहे. सिकासोने दोन्ही अनुभव घेतले.

एकोणिसाव्या शतकात हा मुलूख केनेदुगू राज्याचा होता. तिएबा त्राओरे 1877 च्या सुमारास गादीवर आला आणि त्याने राजधानी सिकासोला आणली. गावाच्या मध्यात एक टेकडी आहे, लोक ती पवित्र मानतात. तिच्याभोवती त्याने वस्ती वाढवली आणि सभोवार तट घातला. बाहेरच्या तटाचा घेर सुमारे 9 किलोमीटर. पायाशी जाडी 6 मीटर, माथ्याला 2 मीटर, उंची 4 ते 6 मीटर. आत राजघराण्याच्या वाड्याला स्वतंत्र तट होता. पाया माथ्याच्या तिप्पट जाड असल्याने भिंत बाहेरून तिरकी चढते. त्यामुळे खालून खणायला फार माती उपसावी लागते आणि गोळा लागला तर तो मातीत रुतून बसतो. दगडी भिंतीत एक चिरा निखळला की शेजारचे हलतात, मातीच्या भिंतीत तसे होत नाही. मातीच्या तटाचा खरा शत्रू पाऊस. सिकासोत वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पडतो, म्हणजे दरवर्षी पावसाळा सरला की लिंपण आलेच. ते करायला माणसे लागतात, आणि केनेदुगूत ती माणसे बहुतेक लढाईत पकडून आणलेले गुलाम होते. तटाचे कौतुक करताना हे विसरू नये.

1887 च्या उन्हाळ्यात गिनीच्या बाजूचा बलाढ्य राजा सामोरी तुरे सैन्य घेऊन आला. त्याच्याकडे बंदुका होत्या, तट फोडतील अशा मोठ्या तोफा नव्हत्या. बिंजे नावाचा फ्रेंच अधिकारी त्याच वर्षी त्याच्या छावणीत जाऊन वेढा पाहून आला. सामोरीचा हिशेब उपासमारीवर होता. पण तटाच्या आत धान्य होते, आणि उपाशी पडले ते वेढा घालणारे. बाहेरच्या फौजेला धान्य पुरवता-पुरवता सामोरीच्या स्वतःच्या मुलखातली गावे नागवली गेली आणि तिथे बंड उठले. ऑगस्ट 1888 मध्ये त्याला परतावे लागले.

तिएबा 1893 मध्ये वारला आणि भाऊ बाबेम्बा गादीवर आला. तिएबाने फ्रेंचांशी तह केला होता. बाबेम्बाने राजधानीत फ्रेंच ठाणे बसवू द्यायला नकार दिला आणि 1898 च्या सुरुवातीला त्यांच्या वकिलाला हुसकावले. एप्रिलमध्ये कर्नल ओदेऊ तोफखाना घेऊन आला. या तोफा सामोरीकडे नसलेल्या जातीच्या होत्या. एकाच जागी मारा करून त्यांनी भगदाडे पाडली, आणि 1 मे 1898 ला शहर पडले. बाबेम्बाने शत्रूच्या हाती न पडता मरण पत्करले. लाजेपेक्षा मरण बरे, हे त्याच्या नावावर सांगितले जाणारे वचन मालीत पोरासोरांना पाठ असते. पडलेल्या शहरातली माणसे विजयी फौजेच्या शिपायांत वाटली गेली. गुलामी मोडायला आलो म्हणणाऱ्यांनी हे केले. तटाचे काही तुकडे अजून शहरात उभे आहेत.

प्रश्न : फ्रेंचांनी तिथे कापूस सक्तीने पिकवून घेतला का? (आर्वी, जि. वर्धा)

हो. प्रत्येक गावाने ठरलेला कापूस दिलाच पाहिजे, अशी वसुली फ्रेंचांनी नेमलेल्या मुखियांमार्फत होत असे. त्याशिवाय डोईपट्टी आणि रस्त्याची वेठ. वेठबिगारी फ्रेंच वसाहतींत एप्रिल 1946 च्या कायद्याने संपली. 1949 मध्ये फ्रेंच सरकारी कापूस कंपनी स्थापन झाली आणि सक्तीच्या जागी बियाणे, खत, नांगर आणि आधी ठरलेला भाव आला. माली 22 सप्टेंबर 1960 ला स्वतंत्र झाला. 1974 मध्ये त्या कंपनीच्या जागी सीएमडीटी ही नवी कंपनी आली, 60 टक्के माली सरकारची आणि 40 टक्के फ्रेंचांची. पुढची पन्नास वर्षे सिकासोच्या खेड्यात सरकार म्हणजे मुख्यतः हीच कंपनी.

प्रश्न : मी ग्रामपंचायतीचा सरपंच आहे. तिथे सरपंचासारखे पद आहे का? पाटील आहे का? निधी कुठून येतो? (धामणगाव रेल्वे तालुका, जि. अमरावती)

दोन्ही आहेत आणि दोघांची कामे वेगळी आहेत. या दोघांच्या मध्ये काय घडते ते समजले की तिथला कारभार समजला.

गावाचा प्रमुख दुगुतिगी. गाव वसवणाऱ्या घराण्यातला वडील माणूस. आपल्याकडे वतनी पाटीलकी 1962 च्या कायद्याने गेली. तिथे दुगुतिगीला कायद्यात जागा आहे. गावची सभा नाव सुचवते आणि सेर्कलचा सरकारी प्रमुख, म्हणजे प्रीफेक्ट, त्यावर शिक्का मारतो. जमीन वाटणे, करवसुली, भांडणे ही त्याच्याकडे.

कम्यून मात्र नवे आहे. 1991 मध्ये लष्करशहा मुसा त्राओरेची सत्ता उलथली. उत्तरेतल्या तुआरेग बंडखोरांशी समझोता आणि दक्षिणेतल्या शेतकऱ्यांची मागणी, दोन्हींतून विकेंद्रीकरण आले. 1996 च्या कायद्याने 682 नवी कम्यून झाली आणि 1999 पर्यंत सगळीकडे निवडणुका झाल्या. मतदार मुख्यतः पक्षांच्या याद्यांना मत देतात आणि मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. लहानात लहान कम्यूनमध्ये 11 सदस्य. ते आपल्यातून महापौर निवडतात, मुदत पाच वर्षे. थेट जनतेतून सरपंच असा प्रकार नाही. आपल्याकडे पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला मतदार स्वतः मत देतो. तिथल्या मूळ रचनेत सेर्कलची सभा कम्यूनच्या सदस्यांनी निवडायची आणि प्रदेशाची सभा सेर्कलच्या सदस्यांनी. त्यामुळे वरच्या सभांत कोण बसले हे शेतकऱ्याला बहुधा माहीतच नसे. आमच्या मते त्या रचनेतली सर्वांत कच्ची जागा हीच.

2002 मध्ये प्राथमिक शाळा, पहिल्या पायरीचा दवाखाना आणि पिण्याचे पाणी हे विषय कागदोपत्री कम्यूनकडे आले. शिक्षकांचे पगार आणि अधिकार बरेचसे सरकारकडेच राहिले. दवाखाना गावकऱ्यांची आरोग्य संघटना चालवते. केसपेपरच्या आणि औषधाच्या पैशातून तिचा खर्च निघतो. बांधकामाचा निधी 2000 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय गुंतवणूक संस्थेकडून येतो, पण कम्यूनने आपला वाटा आधी भरावा लागतो. तो वाटा येतो माणशी कराच्या वसुलीतून. कर दुगुतिगी गोळा करतो, खर्च महापौर करतो. महापौर दुसऱ्या गटाचा असला की वसुली ढिली पडते. कापसाच्या गावांत पूर्वी कापसाच्या पैशातून सगळ्या गावाचा कर एकदम भरला जाई. म्हणून कापूस बुडाला त्या वर्षी कम्यूनचा गल्लाही रिकामा.

जमिनीचे भांडण आधी कुटुंबप्रमुखांत, मग दुगुतिगीकडे, मग गावच्या जमीन समितीपुढे जाते. 2006 च्या शेती कायद्याने या समित्या आणल्या आणि 2017 च्या शेतजमीन कायद्याने त्यांना बळ दिले. तिथे मिटले नाही तरच कोर्ट. बाहेरून आलेल्या कुटुंबाला जमीन कसायला मिळते, मोबदला म्हणून कोलाच्या बिया देतात. पण उसनी घेतलेल्या शेतात झाड लावायची मनाई असते. झाड लावणे म्हणजे मालकी सांगणे. विहीर खणण्याचेही तसेच. बहुतेक खटले इथूनच सुरू होतात. दोन पिढ्या कसणारा आंब्याची चार कलमे लावतो आणि मूळ घराणे धावून येते.

एक गोष्ट ताजी. 20 नोव्हेंबर 2016 नंतर देशभर स्थानिक निवडणूक झालेली नाही. ऑगस्ट 2020 आणि मे 2021 मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि मे 2025 मध्ये सगळे राजकीय पक्ष बरखास्त केले. याद्या मुख्यतः पक्षांच्या असल्याने पुढची निवडणूक कशी घेणार हा प्रश्न उघडाच आहे. शिवाय सप्टेंबर 2025 पासून सशस्त्र जिहादी गटांनी आयव्हरी कोस्टहून सिकासोमार्गे बामाकोला जाणाऱ्या इंधनाच्या टँकरांवर हल्ले केले. डिझेल नाही तर गावातून कापूस उचलायला ट्रक नाही.

प्रश्न : कापूस विकतात कुठे? व्यापारी, अडत, कटती असला प्रकार आहे का? चुकारे वेळेवर मिळतात का? (राळेगाव, जि. यवतमाळ)

खाजगी व्यापारी नाही, अडत नाही. खरेदीदार एकच, सीएमडीटी. आपल्याकडे 1972 मध्ये सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना ज्यांनी पाहिली त्यांना ओळखीचे वाटेल. फरक असा की आपल्याकडे बियाणे कृषी केंद्रातून, कर्ज सोसायटीकडून आणि खरेदी तेवढी पणन महासंघाची. तिथे बियाणे, खत, फवारणीचे औषध, वाहतूक, जिनिंग, सरकी, परदेशी विक्री, सगळे एका कंपनीच्या हातात.

वर्ष असे चालते. पेरणीपूर्वी भाव जाहीर होतो. गावची सहकारी संस्था प्रत्येक शेतकऱ्याची मागणी लिहून घेते. शिफारस हेक्टरी 150 किलो मिश्र खत आणि 50 किलो युरियाची. माल उधारीवर येतो. पेरणी मेअखेर ते जूनअखेर, वेचणी ऑक्टोबरपासून. शेतकरी वेचलेला कापूस गावच्या गंजीवर आणतो. तिथे गावचीच माणसे वजन करतात, प्रत लावतात, वहीत नोंदतात. ट्रक भरून जिनिंगला जातो आणि तिथल्या भुईकाट्यावर पुन्हा वजन होते. कंपनी उधारी वजा करून उरलेली रक्कम संस्थेला देते आणि संस्था घराघराला वाटते.

गावची माणसे वजन करतात, हे सहज मिळालेले नाही. पूर्वी कंपनीचा माणूस काटा घेऊन येई. वजनात मारतो आणि पहिल्या प्रतीचा माल दुसरीत टाकतो, अशी तक्रार कायमची होती. 1974 च्या सुमारास कुतियालाजवळच्या कानिको गावाने सांगितले की काटा आम्हाला द्या. कंपनीने दिला, आणि वजनाचे कमिशनही गावाला देऊ केले. त्यातून गाव-संघ उभे राहिले आणि दक्षिण मालीभर पसरले. पण वही लिहायला अक्षर यावे लागते आणि शाळा होती फ्रेंचमध्ये. म्हणून प्रौढांना बाम्बारात लिहाय-वाचायला शिकवले. वजन, घट, उधारी, शिल्लक, सगळे आपल्या भाषेत. कमिशनच्या पैशातून गावांनी शाळा, बाळंतपणाच्या खोल्या, विहिरी बांधल्या. कम्यून 1999 ला आले. त्याच्या पंचवीस वर्षे आधी या गावांना स्वतःचा हिशेब आणि स्वतःची तिजोरी होती. सिकासोच्या कारभाराबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर आम्ही ही सांगू.

बिघडते कुठे, तेही ऐका. उधारी सामूहिक जामीनकीवर असते. एकाने फेडले नाही तर ते सगळ्यांच्या कापसातून कापले जाते. त्यामुळे चांगला पिकवणारा हातात काहीच न येता घरी जातो. कापसाच्या नावाने घेतलेले खत मक्याला टाकणे किंवा रोकड हवी म्हणून विकणे हे सर्रास चालते, आणि मग कापूस उधारीपुरताही होत नाही. दुसरी कुरकुर दोन वजनांची. गंजी महिनाभर उघड्यावर पडली की कापूस वाळतो, गावचे वजन जास्त आणि भुईकाट्याचे कमी. फरक गावाच्या माथी. म्हणून जाणती गावे ट्रकची तारीख पक्की झाल्याशिवाय मोठी गंजी लावत नाहीत. नव्वदीच्या अखेरीस कर्जाचे डोंगर झाले, संघ फुटले, आणि एकाच गावात दोन-तीन गट पडले. 2001 च्या सहकार कायद्यानंतर त्यांच्या जागी आजच्या सहकारी संस्था आल्या.

चुकारे उशिरा होतात, आणि त्यावर शेतकऱ्यांनी हात दाखवलाही आहे. 2000 मध्ये भाव उतरला, पैसे थकले, कंपनीचे गैरव्यवहार बाहेर आले. शेतकऱ्यांनी मोर्चा काढला नाही, कापूस पेरायचाच टाळला. उत्पादन 4,59,000 टनांवरून 2,43,000 टनांवर आले. खरेदीदार एकच असला तरी पेरणारा थांबला की तोही अडतो, हे सरकारला त्या हंगामात कळले. पुढच्या वर्षी भाव वाढला.

अलीकडच्या भावाचा अंदाज घ्या. 2024-25 ला 300 सीएफए फ्रँक (तिथले चलन) किलो, म्हणजे साधारण 41 रुपये, क्विंटलला 4,100. त्याच हंगामात आपला हमीभाव मध्यम धाग्याला 7,121 आणि लांब धाग्याला 7,521 होता. आणि तिथला रुईचा उतारा 42 टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे 33 ते 35. म्हणजे त्यांच्या क्विंटलातून रुई जास्त निघते आणि पैसे कमी मिळतात. अमेरिकेच्या कापूस अनुदानाने जागतिक भाव पडतो, ही तक्रार माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड यांनी 2003 मध्ये जागतिक व्यापार संघटनेपुढे मांडली. ती अजून मिटलेली नाही.

प्रश्न : तिथे पऱ्हाटीवर कोणती कीड जास्त? (अकोट, जि. अकोला)

बोंडअळी जुनी आहे. पण 2022 मध्ये घात केला तुडतुड्यांनी, आणि तेही आपल्याच तुडतुड्यांनी. अमरास्का बिगुट्टुला ही भारतीय कापसावरची जात त्या सुमारास पश्चिम आफ्रिकेत आढळली. पानाच्या कडा पिवळ्या, मग लाल, पान वाटीसारखे आकसते, झाड खुंटते. तिथे पेरणीनंतर दीड महिन्यापासून दर पंधरवड्याला ठरलेली फवारणी करायची पद्धत होती. औषधे बोंडअळीची, म्हणून तुडतुड्यांवर चालली नाहीत. आधीच्या हंगामात मालीत 7,77,000 टनांच्या आसपास कापूस झाला होता, त्या हंगामात जवळपास निम्मा. नंतर फ्लोनिकामिडसारखी औषधे तातडीने आणली गेली आणि पंधरवड्याची वाट न पाहता पानाखाली पाहून फवारायला शिकवले जाऊ लागले. पानावर लव असलेल्या वाणावर तुडतुडा कमी टिकतो, हे तुम्हाला सांगायला नको.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. जिथे इतके पिकते तिथेही मुले कुपोषित आहेत असे ऐकले. का? (धारणी, जि. अमरावती)

खरे आहे. अभ्यासक त्याला सिकासोचे कोडे म्हणतात. देशात सर्वांत जास्त मका, कापूस, बटाटे, आंबे इथे होतात आणि खुजी राहिलेली मुलेही इथे पुष्कळ. तुम्हाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. कापसाचा पैसा वर्षातून एकदा आणि कुटुंबप्रमुखाच्या हातात येतो. एका चुलीवर पंधरा-वीस माणसे असतात. बाईचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे पाणथळ तुकड्यातला भात, शेंगदाणा आणि शिआच्या बियांचे तेल. जुलै ते सप्टेंबर हा काळ सर्वांत वाईट. कोठीतले धान्य तळाला लागलेले, निंदणीचे काम ऐन भरात, हिवताप जोरात, आई दिवसभर शेतात. बाळाला मिळतो तो ‘तो’ नावाचा पदार्थ, म्हणजे मक्या-बाजरीच्या पिठाचे घट्ट घाट्यासारखे अन्न, वर भेंडीचे किंवा गोरखचिंचेच्या पाल्याचे कालवण. पोट भरते, पण प्रथिने आणि स्निग्धांश कमी पडतो. पैसा आला की बैल घेतले जातात. बैल ही तिथली बँक आहे, आणि मुलाच्या ताटात त्यातले फार थोडे येते.

प्रश्न : बीटी कापूस तिथे का नाही? (वणी, जि. यवतमाळ)

शेजारच्या बुर्किना फासोने 2008 मध्ये व्यापारी लागवड सुरू केली. मालीत त्याआधीच चर्चा पेटली होती, आणि ती सिकासोने ज्या रीतीने हाताळली ती सांगण्यासारखी आहे. 25 ते 29 जानेवारी 2006 असे पाच दिवस प्रदेश सभेच्या पुढाकाराने सिकासो शहरात शेतकऱ्यांची पंचसभा भरली. वेगवेगळ्या सेर्कलमधून निवडलेले 45 शेतकरी, त्यांत बायाही, पंच म्हणून बसले. शास्त्रज्ञ, कंपन्यांच्या बाजूचे लोक, विरोधक आणि बीटी पिकवलेले परदेशी शेतकरी साक्षीला आले. प्रश्न पंचांनी विचारले, साक्षीदारांनी उत्तरे दिली, आणि कार्यवाही स्थानिक रेडिओवरून गावोगाव ऐकवली गेली. बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागेल का, शेजाऱ्याच्या शेतात परागकण गेले तर जबाबदार कोण, सरकी खाणाऱ्या गुरांचे काय, असे प्रश्न होते. पंचांनी बीटी नको असा निर्णय दिला आणि स्थानिक वाणांवर संशोधन करा अशी शिफारस केली. निर्णय सरकारवर बंधनकारक नव्हता. 2008 मध्ये मालीच्या संसदेने जैवसुरक्षा कायदा केला आणि चाचण्यांची वाट मोकळी केली, तरी शेतकऱ्यांच्या शेतात बीटी उतरला नाही. बुर्किना फासोत बीटीचा धागा आखूड येऊ लागला, निर्यातीत भाव घसरला, आणि 2016 पर्यंत तिथल्या कंपन्यांनीच तो बंद करून जुन्या वाणांकडे परत वळण घेतले.